ताप एकच, जंतू वेगळे: जनावराच्या अंगात जिवाणू आणि विषाणू काय करतात

जनावर वैरण टाकतं, रवंथ थांबतो, नाकपुडी कोरडी पडते आणि थर्मामीटर १०५ अंश दाखवतो. गाई-म्हशीचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ताप भरपूर आहे. या टप्प्यावर घटसर्प (जिवाणूचा रोग), लाळ्या खुरकूत आणि लंपी (विषाणूंचे रोग) यांत बाहेरून फारसा फरक कळत नाही. अंगात मात्र तीन अगदी वेगळ्या गोष्टी चालू असतात. घटसर्पात पहिल्या काही तासांत योग्य अँटिबायोटिक मिळालं तर जनावर वाचू शकतं. सकाळचा ताप संध्याकाळवर ढकलला तर बहुतेकदा हातचं जातं. लाळ्या खुरकुतात तेच इंजेक्शन विषाणूचं काहीही बिघडवत नाही. म्हणून कोणतं औषध द्यायचं हे ठरवण्याआधी आत कोण शिरलंय आणि ते नेमकं काय करतंय, हे कळायला हवं.

जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. लांबी साधारण १ ते ५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याच्या काही पट. ती स्वतः खाते, स्वतःची प्रथिनं स्वतः बनवते आणि मधोमध विभागून दोन होते. आतड्यात राहणारा ई. कोलाय जिवाणू चांगलं पोषण मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशोबाने एका जिवाणूचे सात तासांत वीस लाखांवर जिवाणू होतात. अंगात इतकी मोकळीक त्यांना मिळत नाही, पण रात्री बरं दिसलेलं जनावर पहाटे आडवं का सापडतं, याचं उत्तर या वेगात आहे.

विषाणू ही पेशीच नव्हे. आत आनुवंशिक मजकूर (डीएनए किंवा आरएनए) आणि त्याभोवती प्रथिनांचं कवच, काहींना वर स्निग्ध पदार्थाचा आणखी एक थर, एवढंच. लाळ्या खुरकुताचा विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मध्यम जिवाणूच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. तो खात नाही, वाढत नाही. जनावराच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो.

अँटिबायोटिकचं सगळं गणित या फरकावर उभं आहे. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती बांधू देत नाही. जनावराच्या पेशीला अशी भित्तीच नसते, म्हणून जिवाणू मरतो आणि गाय सुखरूप राहते. ऑक्सिटेट्रासायक्लिन जिवाणूचा प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतं. विषाणूला ना भित्ती, ना स्वतःचा कारखाना. तो वापरतो तो कारखाना गाईचा असतो. मग औषध मारणार कशावर?

एकच हगवण, दोन कारणं

हा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो नव्या वासराच्या हगवणीत. दोन्ही वेळा पातळ, पिवळट-पांढरी हगवण, खपाटीला गेलेलं पोट, खोल गेलेले डोळे. आतलं काम मात्र निराळं.

जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत हगवण लागली तर ई. कोलायच्या एका विशिष्ट जातीवर पहिला संशय घ्यावा. या जिवाणूच्या अंगावर बारीक तंतू असतात. त्यांनी तो आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटतो, त्यामुळे आतड्याच्या हालचालीबरोबर वाहून जात नाही. तो पेशीत शिरत नाही, पेशी मारतही नाही. त्याने सोडलेलं विष पेशीला चुकीचा हुकूम देतं आणि रक्तातलं पाणी व क्षार आतड्यात ओतले जाऊ लागतात. आतड्याचं अस्तर धड असतं, पण वासरू आतून कोरडं पडत जातं.

पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंतच्या हगवणीत रोटा विषाणू बऱ्याचदा सापडतो. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांच्या टोकावरच्या पेशी दूध पचवतात आणि शोषून घेतात. रोटा विषाणू नेमका याच पेशींत शिरतो. पेशी मरून गळतात, उंचवटे बोथट होतात. न पचलेलं दूध आतड्यात तसंच पडून राहतं आणि पाणी खेचून घेतं. नव्या पेशी तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर वासरू तगवणं, एवढंच काम आपल्या हातात असतं.

वासरू मरतं ते बहुतेक वेळा जंतूमुळे थेट नव्हे, तर पाणी आणि क्षार गेल्यामुळे. ३० किलोच्या वासराच्या अंगातलं वजनाच्या ८ टक्के पाणी गेलं म्हणजे जवळजवळ अडीच लिटर गेलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा: ती लगेच सपाट झाली तर ठीक, दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. तोंडात बोट घालून पाहा: तोंड गार लागलं आणि वासरू बोट चोखत नसेल तर तोंडाने पाजायची वेळ गेली, शिरेतून सलाइन लागणार. चोखत असेल तर वासरांसाठी मिळणारी क्षारांची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात कालवून एका वेळी दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा द्या. ई. कोलायच्या हगवणीतही ग्लुकोज आणि मीठ एकत्र शोषून घेणारी वाट शाबूत असते, म्हणून हे पाणी अंगी लागतं. दूध पूर्ण तोडू नका, उपाशी वासरू आणखी लवकर खचतं. दूध आणि क्षारांचं पाणी यांत मात्र दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर पोटात दुधाचं दही नीट बसत नाही. चोखण्याची ताकद नसलेल्या वासराच्या घशात बाटली ओतू नये. पाणी फुप्फुसात जातं आणि हगवणीवर न्यूमोनिया चढतो.

याच्याही मागे एक कारण असतं, ते म्हणजे चीक. गाईच्या आणि म्हशीच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं पोटातल्या वासराकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ आईची तयार प्रतिकारशक्ती जवळपास शून्य असते. ती सगळी चिकातून मिळते आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या तासापासून कमी होत साधारण २४ तासांत संपते. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, आणि त्यातला निम्मा पहिल्या एक-दोन तासांत. जार (वार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, ही रीत अजून पुष्कळ गोठ्यांत पाळली जाते. जार पडायला आठ-बारा तास लागू शकतात. तेवढ्यात ते दार निम्म्याहून अधिक बंद झालेलं असतं. पुढे महिनाभर त्या वासराला जे जे होतं त्याचं मूळ पुष्कळदा या आठ तासांत सापडतं. ही एक रीत मोडली तरी कित्येक वासरं हाती लागतील.

फऱ्या आणि घटसर्प: पावसाळ्याआधीची दोन नावं

फऱ्याचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय, हवेतल्या ऑक्सिजनमध्ये वाढू शकत नाही. जमिनीत तो बीजाणूच्या रूपात असतो, म्हणजे जाड कवचात, निद्रिस्त, वर्षानुवर्षं टिकणारा. पावसानंतर कोवळं गवत मुळाशी चरताना हे बीजाणू मातीसकट पोटात जातात, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मांसल स्नायूंत जाऊन बसतात. तिथे रक्त खेळतं आहे, ऑक्सिजन आहे, तोवर काही होत नाही. धक्का, मुका मार, शिंगाशिंगी यांनी स्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तिथला ऑक्सिजन संपतो आणि बीजाणू उगवतात. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने भरलेली, गोठ्यातली सगळ्यांत चांगली दिसणारी खोंडं आणि कालवडी यात जातात.

उगवलेले जिवाणू विषं सोडतात. एक विष स्नायूपेशींच्या पडद्याला भोकं पाडतं, दुसरी पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ विरघळवतात. स्नायू मरतो, मेलेल्या स्नायूला रक्त मिळत नाही, ऑक्सिजन आणखी कमी होतो आणि जिवाणूंची जागा वाढत जाते. साखर आंबवून ते वायू सोडतात. मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते, जनावर त्या पायाने लंगडतं. सुरुवातीला सूज गरम आणि दुखरी असते. काही तासांनी तीच सूज गार पडते, हात लावला तरी जनावर दचकत नाही, आणि कातडी दाबली की बोटांखाली चरचर जाणवते. सूज गार पडली याला सुधारणा समजू नका. तिथला स्नायू आणि मज्जातंतू दोन्ही मेले आहेत, आणि चरचर आहे ती अडकलेल्या वायूची. ताप १०६ च्या पुढे गेलेला असतो तो याच सुमारास उतरायलाही लागतो. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत खेळ संपतो.

पेनिसिलिन या जिवाणूला मारतं. अडचण अशी की औषध रक्तातून जातं आणि ज्या भागात जिवाणू आहे तिथे रक्त पोचत नाही. शिवाय आधी सोडलेल्या विषावर पेनिसिलिनचा काही इलाज चालत नाही. लंगडणं दिसलं त्याच तासात डॉक्टरांनी मोठा डोस शिरेतून आणि सुजेभोवती दिला तर आशा असते. खरा उपाय पावसाळ्याआधीची लस, पहिल्या पावसाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी.

घटसर्पाची वाट वेगळी. पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू कळपातल्या काही धडधाकट जनावरांच्या घशातच मुक्कामाला असतो. पहिला जोराचा पाऊस, उपासमार, टेम्पोतून लांबचा प्रवास, नांगराचा ताण असं काही झालं की जनावराची प्रतिकारशक्ती खाली येते आणि जिवाणू घशातून रक्तात उतरतो. त्याच्या अंगावरच्या निसरड्या वेष्टणामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. त्याच्या भित्तीतला एक पदार्थ रक्तात सुटला की जनावराची प्रतिकारयंत्रणा अंगभर पेटते: केशवाहिन्या झिरपू लागतात, गळ्याखाली पाणी साचून सूज येते, श्वासाला घरघर लागते, रक्तदाब कोसळतो. म्हशी आणि रेडकं यात जास्त बळी पडतात. जनावराला मारतो तो मुख्यतः स्वतःच्याच शरीराचा हा भडका, म्हणून सुजेनंतर दिलेलं अँटिबायोटिक जिवाणू मारूनही जनावर वाचवू शकत नाही.

गोठ्यात एक जनावर घटसर्पाने गेलं तर पुढचं काम थर्मामीटरचं. उरलेल्या प्रत्येक जनावराचा ताप सकाळ-संध्याकाळ घ्या. पारा गुदद्वाराच्या भिंतीला टेकेल असा धरा, शेणात रुतला तर आकडा कमी येतो. १०३.५ च्या पुढे गेलेलं, पण अजून खातं-पितं असलेलं जनावर औषधाने वाचतं. सूज येण्याची वाट पाहिली तर वाचत नाही.

अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर फाशी (अँथ्रॅक्स हा रोग) समजा आणि कातडी काढणं, पोट फाडणं सोडा. फाशीचा जिवाणू बंद कलेवरात बीजाणू बनवू शकत नाही, कारण त्याला त्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. न फाडलेल्या कलेवरात कुजवणारे इतर जिवाणू त्याला काही दिवसांत संपवतात. कलेवर फाडलं की सांडलेल्या रक्तात बीजाणू तयार होतात आणि ती जमीन कित्येक दशकं धोक्याची राहते. हा रोग माणसालाही होतो. नाका-तोंडात आणि गुदद्वारात जंतुनाशकात बुडवलेला कापूस कोंबा, विहीर-ओढ्यापासून लांब सहा फूट खोल खड्डा घ्या, कळीचा चुना खाली आणि वर टाका, आणि रक्त सांडलेली मातीही त्यातच ढकला.

लपून राहणारे जिवाणू

सगळे जिवाणू इतके घाईत नसतात. ब्रुसेला पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन राहतो. ज्यांनी त्याला गिळून मारायचं, त्यांच्याच पोटात तो सुरक्षित असतो. गाभण गाईच्या गर्भाशयात एरिथ्रिटॉल नावाची साखर तयार होते आणि ती या जिवाणूच्या आवडीची. त्यामुळे गाय सातव्या महिन्यानंतर गाभडते, जार अडकतो, आणि बाहेरून गाय निरोगी दिसत राहते. पेशीच्या आत बसल्यामुळे औषधाने गाय खात्रीने मोकळी होत नाही. म्हणून कालवडींना आणि पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच लस टोचतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. लस जिवंत जिवाणूंची असते, म्हणून गाभण जनावराला आणि नराला देत नाहीत, आणि टोचणाऱ्यानेही सुई स्वतःला लागू नये याची काळजी घ्यायची असते. गाभडलेला गर्भ आणि जार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. गाभडलेल्या गाईचं दूध न उकळता पिणं म्हणजे महिनोन्‌महिने येणारा ताप आणि सांधेदुखी घरात आणणं.

कासदाहातही हाच लपंडाव आहे. धार काढल्यावर सडाचं छिद्र पूर्ण मिटायला अर्ध्या ते एक तासापर्यंत वेळ लागतो. त्या वेळात गाय शेणा-मुतात बसली की जिवाणू सरळ आत. धार झाल्याबरोबर प्रत्येक सड ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे गाय उभी राहील. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कासेत शिरला की पेशींच्या आत आणि तंतूंच्या गाठींत दडतो. सडात औषधाच्या दोन ट्यूबा सोडल्यावर दूध साफ दिसलं म्हणून औषध थांबवलं की उरलेले पुन्हा बाहेर येतात, आणि पुढच्या वेळी दगडी कास पदरात पडते.

लाळ्या खुरकूत, जवळून

१८९८ मध्ये जर्मनीत फ्रेडरिक लोफलर आणि पॉल फ्रॉश यांनी लाळ्या खुरकुताच्या फोडातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं, तरी त्याने वासरांना रोग झाला. जनावरांचा पहिला विषाणू असा हाती आला.

हा विषाणू श्वासातून किंवा तोंडातून आत येतो आणि घशाच्या पेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन जिभेच्या, हिरड्यांच्या, नाकपुडीच्या आणि खुरांच्या बेचक्यातल्या त्वचेत असतं. रोग नेमका तोंडात आणि खुरांत का उठतो, त्याचं एक मोठं कारण हे. पेशी विषाणूला एका पिशवीत घालून आत ओढते. त्या पिशवीतलं पाणी आंबट होतं आणि आम्लात या विषाणूचं कवच आपोआप उकलतं. आतला आरएनए बाहेर पडतो आणि पेशीचा कारखाना तो सरळ वाचायला लागतो. पहिल्या काही प्रथिनांतलं एक कात्रीचं काम करतं: पेशीची स्वतःची प्रथिनं बनवण्याची सोय ते कापून टाकतं, म्हणजे सगळा कारखाना विषाणूसाठी मोकळा. चार-सहा तासांत पेशी नव्या विषाणूंनी भरून फुटते.

त्वचेच्या मधल्या थरातल्या पेशी अशा फुटल्या की तिथे पाणी साचतं, तो फोड. फोड दिवसभरात फुटतो, जिभेची साल हातात येते, तोंडातून दोरीसारखी लाळ गळते. मात्र विषाणू श्वासातून आणि दुधातून बाहेर पडायला सुरुवात झालेली असते ती फोड दिसण्याच्या एक ते चार दिवस आधीच. म्हणून फोड दिसल्यावर एक जनावर वेगळं बांधलं तरी शेजारची दावण वाचतेच असं नाही. डेअरीवर गेलेलं दूध आणि कॅन, बाजारातून आलेला माणूस, त्याच्या चपला हे सगळं आदल्या दिवशीपर्यंत हिंडून झालेलं असतं.

लहान वासरांत हा विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरतो. तोंडात एक फोडही नसताना वासरू आईला लुचता लुचता कोसळतं. आजारी गाईखाली वासरू सोडू नका. दुसऱ्या निरोगी गाईचं किंवा उकळून कोमट केलेलं दूध पाजा.

ज्या आम्लात कवच उकलतं त्याच कमजोरीचा गोठा धुताना उपयोग होतो. सामू (पीएच) ६ च्या खाली किंवा ९ च्या वर गेला की हा विषाणू टिकत नाही. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) म्हणजे ४ टक्क्यांचं द्रावण: जमीन, गव्हाण, बादल्या, चाकं यांसाठी. आधी शेण खरवडून पाण्याने धुऊन घ्या. शेणाच्या थरावर ओतलेलं द्रावण खालपर्यंत पोचत नाही. सोड्यात लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर मिसळू नका, दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाती साधं पाणी उरतं.

आजारी जनावराचं तोंड १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी घालून दिवसातून दोन-तीनदा धुवा, वर बोरोग्लिसरीन लावा. खुरांच्या जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन कोरड्या करा, माशा बसू देऊ नका, नाहीतर अळ्या पडतात. खायला आंबील, मऊ हिरवा चारा. डॉक्टर अशा वेळी अँटिबायोटिक देतात ते उघड्या जखमांत शिरणाऱ्या जिवाणूंसाठी, विषाणूसाठी नव्हे. बैलाला खुरं भरेपर्यंत कामाला जुंपू नये. बरी झालेली काही जनावरं पुढे उन्हात धापा टाकतात, केस वाढतात, दूध पूर्वीवर येत नाही.

बुळकांडी गेली, हा रोग का जात नाही

बुळकांडीचा, म्हणजे रिंडरपेस्ट या गुरांच्या साथीचा, विषाणू लाळ्या खुरकुताच्या विषाणूहून कितीतरी घातक होता. त्याच्याच धसक्याने १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, ती पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. ते जमलं कारण बुळकांडीच्या विषाणूचा प्रतिकाराच्या दृष्टीने एकच प्रकार होता, एकदा बरं झालेलं किंवा लस टोचलेलं जनावर दीर्घकाळ सुरक्षित राहायचं, आणि बरं झालेल्या जनावराच्या अंगात विषाणू उरत नसे.

लाळ्या खुरकुतात तिन्ही गोष्टी उलट. त्याचे सात प्रकार आहेत. ओ प्रकाराची प्रतिकारशक्ती ए प्रकाराला अडवत नाही. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तिन्ही घालतात ते त्यासाठी. आरएनएच्या प्रती काढताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करायची सोय या विषाणूकडे नाही, म्हणून त्याचं रूप सतत थोडं थोडं बदलतं. लसीची ताकद साधारण सहा महिने, म्हणून वर्षातून दोनदा टोचावी लागते. शिवाय बऱ्या झालेल्या काही गाईंच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहतो.

लंपीचा विषाणू मोठा, डीएनएचा, देवीच्या कुळातला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा आढळला आणि २०२२ मध्ये राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रात त्याने गोठे रिकामे केले. तो मुख्यतः चावऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्या तोंडाने पसरतो. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो वाढतो, वाहिन्या सुजून बंद होतात आणि त्यापुढचा त्वचेचा गोल तुकडा पूर्ण जाडीनिशी मरतो. ती गाठ. पायाला आणि पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) येणारी सूज याच अडलेल्या रक्ताची आणि लसिकेची. गाठ सुटून पडली की खड्डा उरतो, त्यात जिवाणू आणि अळ्या शिरतात. सुटलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभर आणि त्याहूनही जास्त टिकतो, म्हणून त्या गोळा करून जाळाव्यात. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना चालली, कारण दोन्ही विषाणू इतके जवळचे आहेत की एकाविरुद्ध तयार झालेला प्रतिकार दुसऱ्यालाही ओळखतो.

लस टोचूनही रोग येतो तेव्हा

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली लस वाया जाते हे बहुतेकांना माहीत असतं. बर्फात गोठलेली लाळ्या खुरकुताची लसही वाया जाते, हे कमी जणांना ठाऊक असतं. तिच्यातलं तेल आणि पाणी वेगळं होतं. बाटली थेट बर्फाला न टेकवता कागदात गुंडाळून ठेवावी.

प्रतिकारशक्ती उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. गावात साथ शिरल्यावर टोचलेल्या जनावरात विषाणू आधीच असू शकतो, मग आठव्या दिवशी फोड आले की दोष लसीला जातो. साथीच्या गावाभोवतीच्या गावांत आधी, बाहेरून आत असं लसीकरण करतात ते यामुळेच. वासराला चौथ्या महिन्याआधी टोचलं तर चिकातून आलेली आईची प्रतिकार प्रथिनं लस निष्प्रभ करतात. चौथ्या महिन्यात पहिली, महिन्याभराने दुसरी, नंतर दर सहा महिन्यांनी असा क्रम त्यातून आला. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. एकाच सुईने पन्नास जनावरं टोचणं म्हणजे पहिल्याच्या रक्तातलं जे असेल ते एकोणपन्नास जनावरांत पोचवणं.

शंका असेल तेव्हा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा आणि पहिलं अँटिबायोटिक टोचण्याआधी नमुना घ्यायला सांगा. औषध गेल्यानंतर घेतलेल्या रक्तात किंवा दुधात जिवाणू वाढत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल ते प्रयोगशाळेला सांगता येत नाही. दुधाचा नमुना घ्यायचा तर सड धुऊन, स्पिरिटच्या कापसाने पुसून, पहिल्या दोन-तीन धारा सोडून मगच निर्जंतुक बाटलीत. लाळ्या खुरकुताच्या फोडाची साल साध्या पाण्यात पाठवली तर वाटेत आम्ल होऊन विषाणू मरतो, ती सामू राखणाऱ्या द्रावणात बर्फावर जावी लागते. नमुन्यासोबत एक चिठ्ठी हवी: जनावराचं वय, गाभण आहे का, ताप कधी आणि किती होता, आजवर कोणती औषधं किती दिवस दिली, शेवटची लस कोणती आणि कोणत्या महिन्यात टोचली, आणि गोठ्यात आणखी किती जनावरं आजारी आहेत.